ग्रुपवर टाकलंय

आमच्या मजल्यावरच्या एक वहिनी सकाळी साडेसहाला घर सोडतात. चार घरी पोळीभाजी करून दुपारी दोनला परत येतात. त्यांची मुलगी पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. शिष्यवृत्ती परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो आणि आधारची झेरॉक्स शाळेत द्यायची होती, ती तारीख हुकली. वहिनी धावत शाळेत गेल्या तर बाईंचं उत्तर तयार होतं, ‘‘ग्रुपवर टाकलं होतं ना!’’

टाकलं होतं, हे खरंच. वहिनींनी फोन माझ्या हातात दिला आणि मी वर सरकवत सरकवत शोधलं. रात्री दहा चाळीसला आलेली पीडीएफ, इंग्रजीत. तिच्या वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, खाली एका पाठोपाठ एक एकसष्ट ‘हॅपी बर्थडे’. वहिनींचा रिचार्ज आदल्याच दिवशी संपला होता. पगार हातात आल्यावर त्यांनी तो मारला, तेव्हा चारशेच्या वर मेसेज एकदम कोसळले. त्या ढिगाऱ्यात पोरीची परीक्षा गेली.

बाईंवर माझा राग नाही. त्यांच्या वर्गात पन्नासेक मुलं. वर जनगणना, निवडणूक, पोषण आहार, रोज भरायच्या लिंका. त्यांनाही ती सूचना मुख्याध्यापकांनी ग्रुपवरच टाकलेली असते आणि मुख्याध्यापकांना वरच्या ऑफिसने. सगळी साखळीच पुढे ढकलण्याची आहे. शेवटची कडी मात्र पोळ्या लाटत असते आणि तिच्या हाताला पीठ असतं.

मुंबईत हे वाक्य आता उठता-बसता ऐकू येतं. उद्या पाणी येणार नाही, ग्रुपवर टाकलंय. मयत साडेचारला उचलणार, ग्रुपवर टाकलंय. गंमत त्या क्रियापदात आहे. टाकलंय, म्हणजे टाकणाऱ्याचं काम संपलं. ते कुणाला मिळालं का, मिळालं तर कळलं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आमच्या वेळी शिपाई सूचनावही घेऊन वर्गावर्गात फिरायचा. बाई सूचना मोठ्याने वाचायच्या, आम्ही ती शाळेच्या कॅलेंडरमध्ये, म्हणजे रोजच्या डायरीत, उतरवायचो आणि दुसऱ्या दिवशी तिच्याखाली घरच्यांची सही दाखवावी लागायची. सही नसेल तर बाकावर उभं. पद्धत जुनाट आणि काहीशी जाचकही होती. पण ती सही सूचना ज्याला मिळाली त्याची होती, पाठवणाऱ्याची नव्हे. व्हॉट्सॲपच्या दोन निळ्या खुणांना तिची सर नाही.

मला म्हणायचंय ते हेच. नेटमुळे मुलं बिघडली की सुधारली, हा वाद आपण वर्षानुवर्षं घालतोय, आणि तो घालताना एक सरळ व्यवहार नजरेतून सुटतो. नेट आल्यावर शाळा, विद्यापीठं, मंडळं, सोसायट्या या सगळ्यांनी आपल्या कामातला महागडा अर्धा भाग गुपचूप घरांवर ढकलला. उपकरण घरच्याने आणायचं, रिचार्ज घरच्याने मारायचा, बसायला जागा घरच्याने शोधायची आणि समजावून सांगणारं माणूसही घरातच असलं पाहिजे. या शहरात घर म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची.

या ढकलाढकलीचं पूर्ण रूप दिसलं ते कोविडमध्ये. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग उघडले ४ ऑक्टोबर २०२१ ला आणि पहिली ते सातवीचे १५ डिसेंबरला. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने आपला वर्ग पाहिला तो निम्मी दुसरी सरल्यावर. महिनाभर झाला नाही तोच, जानेवारीत, पुन्हा तीनेक आठवडे कुलूप. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे तेव्हाचं लाडकं वाक्य होतं.

आमच्या चाळीत तळमजल्यावर तीन मुलांचं घर आणि फोन एक. वडील सिक्युरिटीत, बारा तासांची ड्युटी, फोन त्यांच्याबरोबर. त्यांची रातपाळी असेल तो आठवडा घरात शाळा, दिवसपाळी असेल तो आठवडा सुट्टी. थोरली दहावीत म्हणून पहिला मान तिचा. दोघे भाऊ तिचा तास संपायची वाट बघत कडेला बसलेले. नेट नीट मिळायचं ते जिन्याच्या दुसऱ्या वळणावर. तिथे ती पाट टाकून बसायची. एका कानात इअरफोन, दुसरा कान मोकळा, कारण चढणाऱ्या-उतरणाऱ्याला वाट द्यायला लागे. एकदा मी भाजीची पिशवी घेऊन वर जात होतो तेव्हा भूमिती चालली होती. सरांनी फळ्यावर काढलेलं वर्तुळ स्क्रीनवर अंड्यासारखं दिसत होतं. तिने वहीत रुपयाचं नाणं ठेवलं, भोवतीने पेन्सिल फिरवली आणि पाय आखडून घेतले, मी जावं म्हणून.

ती पास झाली. त्या वर्षी सगळेच पास झाले. २०२१ ला दहावीची लेखी परीक्षा झालीच नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो लागला ९९.९५ टक्के. राज्याच्या इतिहासातल्या त्या घसघशीत आकड्यात जिन्याचं दुसरं वळण कुठेच नाही.

त्याच काळात एक वेगळा प्रयोगही झाला आणि त्याची आठवण फार कुणी काढत नाही. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केलेली. लॉगिन नाही, डेटा नाही. टीव्ही चाळीत बहुतेक घरी होताच. बाहेर पडायची मोकळीक थोडी वाढली तशी एका टीव्हीसमोर तीन घरांतली मुलं बसलेली मी पाहिली. तंत्रज्ञान तसं पन्नास वर्षांपूर्वीचं, पण पाच जणांनी मिळून बघायचं. फोन एकट्याने बघायचा असतो. या साध्या फरकाचा विचार शिक्षण खात्याने किती केला कोण जाणे. टिलीमिलीकडे तात्पुरती मलमपट्टी म्हणून पाहिलं गेलं आणि खरी प्रगती म्हणजे ॲप, हे गृहीत धरूनच पुढे सगळं चाललं.

आकडे थोडक्यात सांगतो, कारण आकड्यांनी भरलेले लेख मलाही वाचवत नाहीत. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरी भारतातल्या ४२ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, संगणक मात्र २३ टक्क्यांच्या आसपास घरांत. म्हणजे नेट आलं ते हातातल्या फोनवर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि बघता बघता फोन रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत पोचला. शाळांचं काय? केंद्र सरकारच्याच यूडायस या शाळांच्या नोंदींप्रमाणे देशातल्या इंटरनेट असलेल्या शाळांचं प्रमाण २०२१-२२ ला ३३.९ टक्के होतं आणि २०२३-२४ ला ५३.९ टक्के. वाढ चांगली आहे. पण क्रम बघा. घरात नेट आधी आलं आणि शाळा मागून धापा टाकत आली. त्यामुळे ‘घरी बघून या’ ही शिक्षकाची सवय पडली, आणि सवय पडली की धोरण त्याच वाटेने जातं.

घरी मुलं काय बघतात? ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत २०२४ ला १४ ते १६ वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांना विचारलं होतं की गेल्या आठवड्यात फोन कशासाठी वापरला. अभ्यासाशी संबंधित काही केलं म्हणणारे ५७ टक्के, समाजमाध्यमं वापरली म्हणणारे ७६ टक्के. यात धक्का बसण्यासारखं काही नाही. मोठ्यांना विचारलं तर काय उत्तर येईल? मला टोचते ती दुसरीच गोष्ट. ‘असर’ करणारी ‘प्रथम’ ही संस्था जन्मली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, १९९०च्या दशकाच्या मध्यावर, आणि ‘असर’ ही पाहणी मात्र ग्रामीण भारताची. गडचिरोलीच्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येतो का, हे त्यातून कळतं. गोवंडीच्या मुलाच्या दारात ती प्रश्नावली जात नाही. मुंबईत राहतो म्हणजे मुलगा ‘कनेक्टेड’ आहे, असं सगळ्यांनीच धरून टाकलंय.

आता, नेटने काहीच बरं केलं नाही, असं म्हणणारा खोटं बोलतो. अकरावीच्या प्रवेशाचं उदाहरण घ्या. २००९ मध्ये मुंबई महानगरात ऑनलाइन प्रवेश सुरू झाला, २०२५ मध्ये तो राज्यभर गेला. त्याआधीचं ज्यांना आठवतं ते सांगतील: जूनच्या पहिल्या पावसात छत्री धरून एका कॉलेजच्या रांगेतून दुसऱ्याच्या रांगेत, बापाची दोन-तीन दिवसांची रजा, खिडकीवर कारकुनाची मर्जी आणि आत ‘ओळख’. लालबागच्या मुलाला आपण रुईयात बसू शकतो का, हे कट-ऑफच्या यादीत घरबसल्या दिसायला लागलं, ही लहान गोष्ट नाही. पण तिथेही पहा, फॉर्मचा पहिला भाग, दुसरा भाग, पसंतीक्रम हे सगळं भरून देणारा कुणीतरी लागतोच. आमच्या भागात ते काम झेरॉक्सवाला करतो. पन्नास रुपये घेतो, शंभर घेतो. पसंतीक्रम कसा लावायचा हे शाळेने सांगायला हवं, ते शेवटी तो सांगतो. या माणसाचा सत्कार करावा की शाळेला जाब विचारावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि मुंबई विद्यापीठाचं २०१७ साल? १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. स्कॅनिंगचा गोंधळ, प्राध्यापकांना पुरेसं प्रशिक्षण नाही, लॉगिन होत नाही. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, परदेशी निघालेल्या मुलांचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. एका कुलगुरूची नोकरी गेली म्हणून हिशेब चुकता झाला, असं मला वाटत नाही. खर्च पडला तो मुलांच्या घरांवर. वेबसाइट रिफ्रेश करत बसलेली ती मुलं कुठल्याच रांगेत दिसत नव्हती. रांग दिसते, तिचा फोटो पेपरात येतो. घरोघरी एकेकट्याने थांबलेल्यांचा मोर्चा होत नाही.

टॅबची कथा तर आपल्या सगळ्यांसमोर घडली. महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले, दप्तराचं ओझं उतरेल म्हणून. हेतू चांगलाच होता. पण वस्तू देताना एक सोय असते, तिचं उद्घाटन करता येतं. चार्जर बदलणं, फुटलेली काच, बदललेल्या पुस्तकाप्रमाणे आतला मजकूर बदलणं यांचं उद्घाटन होत नाही, म्हणून त्यासाठी माणूसही नेमला जात नाही.

इथे मला एक जुनी हकिकत आठवते. आंबेडकरांचं कुटुंब मुंबईला आलं तेव्हा परळला चाळीतली एकच खोली होती. सगळं बिऱ्हाड त्यात. अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून वडिलांनी युक्ती काढली. भीमरावांना लवकर झोपवायचं आणि रात्री दोनला उठवायचं. तेवढ्या वेळात खोली निजलेली असे. ज्या शहरात जागा मिळत नाही तिथे वेळ चोरावा लागतो. शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत आणि तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्यांना पाहिलं. रोज इथे बसून वाचणारा हा मुलगा कोण, म्हणून चौकशी केली, पुस्तकं दिली. मॅट्रिक झाल्यावर सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द टाकला.

ही हकिकत आपण प्रतिभेची आणि कष्टाची म्हणून सांगतो. मला तिच्यात मुंबईचा एक नकाशाही दिसतो. एक बाक, ज्यावर बसायला पैसे पडत नाहीत आणि कुणी हटकत नाही. आणि एक मोठा माणूस, ज्याची नजर त्या बाकाकडे जाते. पुस्तकं तर आज फोनमध्ये केळुसकरांच्या अख्ख्या कपाटापेक्षा जास्त आहेत. स्पर्धा परीक्षेचे सगळे क्लास, सगळ्या नोट्स टेलिग्रामवर फुकट पडल्यात. बाक मात्र दिवसेंदिवस कमी होताहेत, आणि फोनमध्ये डोकं घातलेल्या मुलाकडे बघून आज कुणाही गुरुजींना कळणार नाही की हा काय वाचतोय. रील बघणारा आणि राज्यघटना वाचणारा बाहेरून सारखेच दिसतात.

चाळीच्या गॅलरीचे गोडवे गाण्याचा मात्र मला कंटाळा आहे. गॅलरीत आपुलकी होती तशी पाळतही होती. कुठली मुलगी किती वाजता परतली, तिला सोडायला कोण आलं, हे तिच्या आईच्या आधी समोरच्या काकूंना कळायचं. कुणाच्या घरचं पाणी प्यायचं आणि कुणाच्या घरचं नाही, हेही त्याच गॅलरीत ठरायचं. सात माणसांच्या खोलीत वाढलेल्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची अशी जी खोली मिळाली, ती सहा इंचांची, काचेची. तीत ती कुणाला न विचारता शिकते. माझ्या ओळखीतली एक जण कसलाही गाजावाजा न करता रात्री अकरानंतर पांघरुणाखाली टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकली आणि आज मशीद बंदरला एका पेढीचे हिशेब बघते. केरळात एका कॉलेजच्या वसतिगृहाने मुलींनी संध्याकाळी ६ ते १० फोन जमा करावा असा नियम केला तेव्हा एक विद्यार्थिनी न्यायालयात गेली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. मुलांच्या हातातून फोन काढून घ्या, असं उठसूट म्हणणाऱ्या आपल्या काकामंडळींनी तो निकाल जरूर वाचावा. काढून घ्यायची वेळ येते तेव्हा पहिला फोन बहिणीचा जातो, भावाचा नाही.

आणि ज्या आजीला लिहिता येत नाही ती रत्नागिरीहून व्हॉइस मेसेज पाठवते. आमच्याकडे एक आहेत, त्यांचा प्रत्येक निरोप ‘‘हॅलो, ऐकतंस मां?’’ने सुरू होतो आणि उत्तराला थांबतो. ज्यांच्या वाट्याला पत्र कधी आलं नाही, त्यांना ते असं आलं.

तेव्हा भांडण फोनशी नाही. फोन आलाय, तर आता बाकीचं काही लागत नाही, या समजुतीशी आहे. शाळेत हे दिसतं तसंच वस्तीतही.

आमच्या मंडळाची वर्गणी घ्या. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ ला सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून मुंबईत पावतीपुस्तक फिरतंय. श्रावणात पोरं संध्याकाळी निघायची, दाराशी उभी राहायची. मीही फिरलोय. दोनशेची पावती फाडायला वीस मिनिटं लागत. या बाईंचा नवरा पडून आहे, त्या काकांचा मुलगा कामावरून कमी झालाय, तिसऱ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत, त्यांना मराठी येत नाही पण गणपतीला नाही म्हणाले नाहीत. हे सगळं वर्गणीबरोबर गोळा व्हायचं. (कुठे कुठे दमदाटीही गोळा व्हायची, तेही लिहून ठेवतो.) आता जिन्यातच क्यूआर कोड चिकटवलाय. पैसे दोन दिवसांत जमतात, हिशेब चोख, पावती फोनवर. यूपीआय चालवणारी संस्था मुंबईतलीच, त्याचा अभिमानही आहे. फक्त गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांना हॉस्पिटलात नेलंय, हे आम्हाला अठरा दिवसांनी कळलं. त्यांची वर्गणी आली नव्हती, पण यादीत कोण बघतंय? ते ग्रुपवर नव्हतेच.

नाक्यावर मंडळाचा काळा फळा होता. खडूने लिहायचे, मयत, पाणी, सभा, रक्तदान. येणारा-जाणारा वाचायचा, मग तो सभासद असो वा नसो. ग्रुपला दार असतं आणि दाराशी ॲडमिन. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातल्या पहिल्या टप्प्यातल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांचं भलं झालं, आणि त्यांच्याही दारांना आता आतून कडी आहे. ती कडी हवीच होती. पण फळा कुठे टांगायचा हेही टॉवरच्या आराखड्यात कुणीतरी ठरवायला हवं.

लोक मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण देतात. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. गिरणगावाला भोंग्याचं अप्रूप नाही, आमचा दिवसच त्यावर चालायचा. पण सातला भोंगा वाजेल तेव्हा मुंबईतला बाप कुर्ल्याला लोकलच्या दारात लटकलेला असतो आणि आई दुसऱ्याच्या घरी कुकर लावत असते. फोन बंद करून मुलं बसणार कुणापाशी? वडगावात फोन बंद होतो तेव्हा गाव घरात असतं.

मुंबईला नेटची टंचाई नाही, हे वर्सोव्याला गेलं की पटतं. २०२२ अखेरपर्यंत देशात १७ आंतरराष्ट्रीय समुद्री केबल्स आलेल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, त्यातही वर्सोव्याच्या पाच-सहा किलोमीटरच्या पट्ट्यात. वर काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, वाळूखालून साऱ्या देशाचे व्हिडिओ कॉल चाललेले. त्याच शहरात मुंबई सेंट्रल स्टेशनवर जानेवारी २०१६ मध्ये देशातली पहिली गुगल-रेलटेलची फुकट वायफाय सोय झाली तेव्हा मुलं फलाटावर बसून फॉर्म भरायची. फलाट हा बाकच की. फुकट नेट आणि बसायला जागा एकत्र आली, तर काय होतं याचा तो धडा होता; आपण त्यातला नेटचा भाग उचलला आणि जागेचा सोडून दिला. २०२४ च्या जुलैत सगळ्या मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांनी रिचार्ज महाग केले, तेव्हा ‘रोजचे दीड जीबी’ पोरांमध्ये कसे वाटायचे हा पेच घराघरात होता. पाणी महाग झालं असतं तर नगरसेवकाच्या दारात हंडा मोर्चा गेला असता.

मग करायचं काय? शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळा किती अंतरावर हवी ते एक किलोमीटर असं मोजून सांगितलं. शाळेत ग्रंथालय असावं, हेही त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. अंतर मोजायची तीच पद्धत संध्याकाळसाठीही लावावी. मुंबई महापालिकेच्या अकराशेच्या वर शाळा आहेत, आठ भाषांतल्या, जवळजवळ प्रत्येक वस्तीच्या चालत जाण्याच्या अंतरावर. या इमारतींतल्या वर्गांना बाक आहेत, पंखे आहेत, बऱ्याच ठिकाणी आता नेटही आहे. आणि त्यातल्या कित्येक संध्याकाळी सहानंतर अंधारात असतात, तर त्यांच्या भिंतीला लागून असलेल्या खोल्यांत मुलं पाय दुमडून बसतात. संध्याकाळी सहा ते दहा प्रत्येक प्रभागात दोन-तीन शाळांचे चार वर्ग उघडा. नेट द्या, दोन संगणक आणि एक प्रिंटर द्या, म्हणजे झेरॉक्सवाल्याचे पन्नास रुपये वाचतील. आणि एक माणूस नेमा, पगारी. निवृत्त शिक्षक असो, बीएड होऊन बसलेली मुलगी असो. त्याने शिकवलंच पाहिजे असं नाही. कोण काय वाचतंय, कोण दोन दिवस आलं नाही, एवढं त्याने बघावं.

यात नवं काही नाही, हे मला माहीत आहे. १८९८ पासून चालत आलेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय याच शहरात आहे. गिरणी कामगारांसाठी चालवलेल्या रात्रशाळा याच शहरात झाल्या. कितीतरी मंडळं आणि शाखा आजही अभ्यासिका चालवतात, आणि त्यांतल्या खुर्चीसाठी पोरं पहाटे पाचला नंबर लावतात. १९६७ चा ग्रंथालय कायदाही आहे. म्हणजे मागणी आहे, परंपरा आहे, इमारती आहेत. पैसा फक्त टॅबला आणि ॲपला मिळतो, कारण त्यांचं टेंडर निघतं. माणसाच्या नजरेचं टेंडर कसं काढणार?

आणि एक छोटी मागणी, जिला पैसे लागत नाहीत. मुलाच्या फॉर्मची, फीची, परीक्षेची कुठलीही तारीख फक्त ग्रुपवर टाकून शाळेची जबाबदारी संपली असं मानलं जाऊ नये. कॅलेंडरमध्ये लिहून द्या, फाटकावर मराठीत लावा, ज्याची सही आली नाही त्या घरी एक फोन करा. शिक्षकांवर बोजा वाढेल असं कुणी म्हणेल. त्यांच्या गळ्यातल्या रोजच्या लिंका कमी करा, मग हा बोजा हलका वाटेल.

आमच्या गल्लीच्या टोकाला अशीच एक शाळा आहे. सहाला शेवटची घंटा, सव्वासहाला फाटक बंद. तिथला वायफाय फाटकाच्या बाहेर सात-आठ फूट येतो, हे पोरांनी शोधून काढलंय, पासवर्ड कुठून मिळाला ते विचारू नये. पाच-सहा जण पायरीवर बसतात, थोरली मुलं पुस्तकं घेऊन, धाकटी नुसतीच. अभ्यासिकेसाठी आम्ही दिलेला अर्ज वर गेलाय आणि वरच आहे. वॉचमन सातारचा, स्वतःची मुलं गावाला. गेल्या जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा त्याने पोरांना आत व्हरांड्यात घेतलं, एक ट्यूबलाइट लावली आणि खुर्ची सरकवून त्यांच्याकडे तोंड करून बसला. नऊला बंद करतो म्हणाला. परीक्षेच्या दिवसांत साडेनऊ.